कुठल्या वाटेने

क्वालबाच्या धक्क्याला आज बोट लागली नाही. वारा.
माझ्या गाडीत एक पंप आहे, तळहाताएवढा,
दोन सुया, चिकटपट्टी
आणि याल्ग्रीमच्या नावाची चिठ्ठी:
मॉर्फीन, साठ मिलिग्रॅम, दिवसाला.

कुठल्या वाटेने, ते चिठ्ठीत नाही.

कालपर्यंत तो गिळत होता.
सुन्वा चमचा ओठांशी धरायची,
थोडं हनुवटीवरून ओघळायचं,
ते बोटाने निपटून ती परत आत सारायची.
थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असं तिचं.
आज पहाटे घसा मिटला.
दुखणं मिटलं नाही.

फोनवरचा डॉक्टर नवा, झोपेतून उठलेला.
"साठ," तो म्हणतो, "तेवढंच चालू ठेवा."
"साठ तोंडाने होतं," मी म्हणते.
पलीकडे शांतता.
त्या शांततेत मला माझा स्वतःचा कागद दिसतो.
पंपाच्या तक्त्यावर मीही साठच लिहून बसलेय,
सहाला शेपटी, शून्याला पोट,
शाळेत शाबासकी मिळावी इतकं सुबक.

खोडते. तीस लिहिते.
मग आर्मगारला फोन. नियम असा की
माझं उत्तर न ऐकता तिने आपलं काढायचं.
तिच्याकडे बाळ रडतंय, कुठलंसं झाकण पडून गरगरतंय,
ते थांबेपर्यंत ती बोलत नाही.
"तीस," म्हणते. "आणि मध्येच कळ आली तर पाच."
मी श्वास सोडते, तिला ऐकू जाईल एवढा.

सुन्वा दारात उभी. तिने एकच शब्द पकडलाय.
"निम्मं? का म्हणून निम्मं?
सोडून दिलंत का त्याला?"

मी सुरुवात करते: पोटातून रक्तात जाताना, मधे यकृत...
आणि थांबते. हिच्या घरात हे असं का सांगायचं?
चाळीस वर्षं याल्ग्रीमने धक्क्यावरचा काटा सांभाळला.
होड्या मासे साफ करून आणायच्या
आणि वरच्या कचेरीला हवं असायचं अख्ख्या माशाचं वजन.
तो गुणायचा. कॉडला एक आकडा, हॅडकला दुसरा.
समुद्रात फेकलेली आतडी, वेगळ्या पिंपात गेलेलं काळीज
कागदावर पुन्हा माशाच्या पोटात भरायचा.

"सुन्वा, तोंडाने दिलेलं औषध म्हणजे अख्खा मासा.
वाटेत काळीज बसलंय, ते आपला वाटा काढून घेतं.
सुईने जातं ते साफ केलेलं.
त्याच्यापर्यंत पोचेल तेवढंच पोचेल.
वाट बदलली, म्हणून आकडा बदलला."

ती बराच वेळ काही बोलत नाही.
मग फडताळातून त्याची वही काढते,
कडांना खारं पाणी सुकलेली,
चष्मा शोधते, तो डोक्यावरच असतो,
आणि पेन्सिलीने, त्याच्याच रकान्यात, आजची तारीख घालून
साठ भागिले दोन करते.
खाली रेघ. तीस.
पुढे लिहिते: साफ.
तिसरी तपासणी. माझ्या नियमात बसत नाही,
तरी मी थांबून राहते.

त्याच्या दंडाची कातडी चिमटीत धरते.
सुई आत जाताना तो भुवई हलवतो, बस.
पंप दर काही मिनिटांनी कुरकुरतो,
हिरवा ठिपका लुकलुकतो.
या वाटेनेही थोडा वेळ लागतोच,
म्हणून आत्ताचे पाच मी वेगळे दिलेत,
आणि घड्याळाकडे पाहत बसलेय.

सुन्वाच्या हातात अजून तो चमचा.
"आता याचं काय?"

ओठ भिजवा, म्हणते मी. साध्या पाण्याने.
किती?
हवं तितकं.
हे कुठे लिहायचं नाही.